राघूचा आवाज

सुपडूभाई पाटलांचा कोणावरच विश्वास नव्हता असं म्हटलं तर अन्याय होईल. तापीवर होता. कारण तापी त्यांच्या समोरून वाहायची आणि वळून त्यांच्या पाठीमागे येण्याची तिला सोय नव्हती. बाकी माणसं, जनावरं, सरकार, हवामान आणि पोस्टाची तिकिटं या सगळ्यांवर त्यांचा संशय होता. पण तो त्यांनी इतका समान वाटला होता की कोणाला राग म्हणून येत नसे. उलट महिनाभर सुपडूभाईंनी आपल्याकडे डोळे बारीक करून पाहिलं नाही, तर माणूस मनातून खट्टू व्हायचा. आपण काय इतके किरकोळ झालो?

दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधणारा मी पाहिलेला हा एकच मनुष्य. एक घड्याळ खोटं बोललं तर दुसरं चुगली करील, हा हिशेब. तरी ते मला विचारायचे, "मास्तर, कितला वाजनात?" मी सांगायचो. मग ते डाव्या मनगटाकडे पाहायचे, उजव्या मनगटाकडे पाहायचे, मान वर करून सूर्याकडे पाहायचे आणि "हं" म्हणायचे. त्या एका 'हं'मध्ये मी, दोन्ही घड्याळं आणि सूर्य असे चौघेही खोटे ठरायचो.

त्यांचं नावच पाहा. आमच्या भागात आधीची मुलं दगावली की नंतरच्या मुलाला जन्मल्याबरोबर सुपात घालून अंगणातून ओढतात आणि त्याला सुपडू म्हणतात. हा केरकचरा आहे असं यमाला वाटावं आणि त्याने पुढे निघून जावं, एवढाच बेत. आता ज्या माणसाचं आयुष्य प्रत्यक्ष यमाला फसवून सुरू झालं, तो पुढे आपल्याला कोणी फसवू नये म्हणून जपणारच.

तापीच्या दक्षिण काठावर त्यांची केळी होती, कापूस होता, थोडा ऊस होता, आणि या सगळ्यांपेक्षा प्रसिद्ध अशी एक मोटार होती. एकोणीसशे एक्कावन्न साली एका जिनिंग फॅक्टरीचा गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला. जाताना त्याने आपली गाडी विकायला काढली. दोन माणसांची, उघडी, हिरवी, शर्यतीच्या जातीची, जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसल्यावर कोंबड्या आपल्या डोळ्याला डोळा भिडवतात. तिचं बॉनेट कातडी पट्ट्याने बांधलेलं होतं. नाकावरचा कंपनीचा बिल्ला आधीच गळून पडलेला, त्यामुळे गाडी कोणत्या कंपनीची हे शेवटपर्यंत कळलं नाही. बिल्ला साहेबाने मुद्दाम काढला, हे मात्र सुपडूभाईंना पक्कं ठाऊक होतं.

लोक म्हणाले, पाटील, ट्रॅक्टर घ्या, निदान चार माणसांची मोटार तरी घ्या. सुपडूभाई म्हणाले, "चार माणसनी गाडीमा दोन माणसं पाठीमांगे बठतस. त्या तठे काय करी ऱ्हायनात, हे मले कसं समजी?"

दोन माणसांच्या गाडीत दुसरा माणूस शेजारी बसतो, डोळ्यासमोर राहतो. त्या दुसऱ्या जागेवर, शाळेची वेळ सोडून, माझी नेमणूक झाली. मी गावच्या शाळेचा मास्तर, आणि ते शाळा कमिटीचे मेंबर, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय ती जागा रिकामी दिसली की गावातला कोणीही नंदुरबारपर्यंत सोडा म्हणायचा. मी म्हणजे थोडक्यात त्या जागेवर टाकलेला रुमाल होतो.

गाडी हिरवी आणि भयंकर बोलकी, म्हणून गावाने तिचं नाव राघू ठेवलं. सुरुवातीला राघू विलायती शिस्तीत गुरगुरायचा. पण चार पावसाळ्यांत त्याच्या सायलेन्सरला गंजून भोकं पडली, मग भोकांची खिंडारं झाली, आणि पुढे सायलेन्सर म्हणजे तारेने बांधलेली एक आठवण तेवढी उरली. मग राघूने जो गळा काढला तो साऱ्या शिवाराने ऐकला. नाल्याच्या मोरीवर गाडी आली की दीड मैलावर गावात कळायचं. गावाने त्या आवाजावर आपली कामं लावून घेतली. जसोदाबाई, म्हणजे सुपडूभाईंच्या पत्नी, आवाज मोरीवर ऐकू आला की तवा चुलीवर ठेवायच्या. पाटील ओसरीवर हातपाय धुऊन टेकेपर्यंत पहिली भाकर फुगून ताटात. चावडीवरचा पत्त्यांचा डाव आवाजाबरोबर उठायचा. आणि खरं सांगायचं तर शाळेत दुपारच्या पाढ्यांच्या तालावर मला जी डुलकी लागायची, तीही राघूच मोडायचा. कमिटीचा मेंबर शाळेवरून जाईपर्यंत मी खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभा असायचो.

असं हे बारा वर्षं सुखाने चाललं होतं. त्रेसष्ट सालच्या माघात सुपडूभाईंना एकदम सुचलं, की सुख आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार.

संशयाचा धनी होता जामसिंग. हा तळोद्याकडच्या डोंगरातला भिल्ल. चौदा वर्षं नदीकाठच्या केळीच्या मळ्यात राखणीला आणि पाणी भरायला होता. मळ्यातच त्याची झोपडी, झोपडीत बायको नानीबाई, झोपडीवर वालाचा वेल. वर्षातून एकदा डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जायचा, ढोल वाजवून परत यायचा आणि वर्षभर गप्प राहायचा. इतका गप्प माणूस चौदा वर्षं सुपडूभाईंच्या संशयातून सुटला कसा, याचंच मला नवल वाटायचं. आता लक्षात आलं की सुटला नव्हता. त्याचं प्रकरण नुसतं पिकत होतं.

"मास्तर," एका दुपारी सुपडूभाई म्हणाले, "आपू वावरमा कवय बी जावोत, जामसिंग गाडीवाटवर उभा ऱ्हास. काबर?"

"तुम्हाला सामोरा येतो."

"कामना माणूस कामवर ऱ्हास. उभा काबर ऱ्हास? बरं, उभा ऱ्हास तर ऱ्हास. धापा काबर टाकस?"

हे मीही पाहिलं होतं. मळ्याच्या वाटेवर पाण्याचा पाट आडवा होता, त्यावर दोन फळ्या होत्या. त्यांवरून राघू खडखडत पलीकडे जायचा आणि आंब्याखाली थांबायचा. फळ्यांच्या कडेला जामसिंग उभा. छाती भात्यासारखी वरखाली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, धोतर ओलं.

"आनी तिसरी गोट," सुपडूभाईंनी आवाज खाली आणला. ओसरीवर आमच्याशिवाय फक्त एक म्हैस होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं. "मी वावरमा पाय ठेवस, आनी नेमकं तवयच पानी भलत्याच वाफामा जाई ऱ्हायना. दर टाईमले! म्हणजे मी नसस तवय पानी कोन्हा वावरमा जास?"

उभा असतो, धापा टाकतो, चिखलाने भरलेला असतो, पाणी भलतीकडे. चारही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांची बेरीज सुपडूभाईंनी अशी केली: जामसिंग शेजारच्या शेताला आपलं पाणी विकतो किंवा केळीचे घड लपवून पुरतो, आणि राघूचा आवाज ऐकला की सगळं झाकून धावत वाटेवर येतो. आवाजच चोराचा साथीदार होता. तेव्हा आवाज मारायचा, गुपचूप जायचं आणि पकडायचं.

"सापडना तर त्याच दिवस रवाना. झोपडीसकट," ते म्हणाले. "चौदा वरीस! मास्तर, चौदा वरीस त्याना हातनं पानी पिनू मी!"

यातलं शेवटचं वाक्य रागाचं नव्हतं. त्यांना खरंच लागलं होतं. आणि मला झोपडीवरचा वालाचा वेल आठवला. जामसिंगला सावध करावं असं माझ्या मनात आलं. पण सुपडूभाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते वाचलं असावं, कारण त्या दिवसापासून काम होईपर्यंत त्यांनी मला एकट्याला मळ्याच्या दिशेला फिरकूही दिलं नाही.

नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर चुनीलालचं गॅरेज होतं. राघूचा आवाज ऐकून तो आधीच बाहेर येऊन उभा होता. "या, सुपडूभाई! शेवट सायलेन्सर बदलाना ना? मी सात वरीसथून सांगी ऱ्हायनू."

"सात वरीसथून?" सुपडूभाई जागच्या जागी थांबले. "तुले इतली घाई काबर व्हती?"

चुनीलालने कपाळावरचं ग्रीस पुसलं आणि तीन सायलेन्सर बाहेर आणून ओट्यावर मांडले. पहिला ट्रकचा. जाड पत्र्याचा, एवढा मोठा की राघूखाली बसवला असता तर राघूच त्याच्यावर बसवल्यासारखा दिसला असता. तो मुकाट्याने परत गेला. दुसरा म्हणजे नुसती चकचकीत सरळ नळी होती. चुनीलालने ती लेकरासारखी दोन्ही हातांवर घेतली.

"दखा भाई. ही गाडीनी जात शर्यतनी शे. हिले मोकळा दम पाहिजे. ही नळी लावा, इंजिन असं पळी की नाव नका काढू."

"आनी आवाज?"

"आवाज म्हणजे वाघ!"

"वाघ शिकारले जास," सुपडूभाई शांतपणे म्हणाले, "तवय डरकाळ्या फोडत जास का?"

चुनीलालला शिकारीचा संदर्भ कळला नाही, पण गिऱ्हाईक कळलं. त्याने तिसरा पुढे सरकवला. लांबोडका, काळ्या रंगाचा, सुरतेच्या बाजारातून आणलेला, अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"सुरतना? म्हणजे परराज्यना," सुपडूभाई म्हणाले. गुजरात वेगळा होऊन तीनच वर्षं झाली होती.

"राज्य एक व्हतं तवय तुम्ही सुरतना मालवर इसवास ठेवेत का?"

"नही."

"मंग काय फरक पडना? दखा, हेन्हा पोटमा पडदा शेत, आनी पडदासमा काचना कापूस ठासेल शे. आवाज त्यामा जास आनी तठेच जिरस."

"काचना कापूस?" तीन पिढ्या कापूस पिकवणाऱ्या घरच्या माणसाने हे दोन शब्द दोन बोटांत धरून उजेडात पाहिले. "कोणता वावरमा पिकस हाऊ?"

मग परीक्षा सुरू झाली. सुपडूभाईंनी सायलेन्सर उचलून वजन पाहिलं. बाजारात मडकं वाजवतात तसा बोटाच्या पेराने वाजवला आणि कान लावला. बैल घेताना दात पाहतात, तसं दोन्ही तोंडांत डोकावून झालं. मग माझ्याकडून बिडी घेतली, धूर एका तोंडात सोडला आणि मला म्हणाले, "दुसरीकडे दखा." मी दुसऱ्या तोंडाशी डोळा लावून बसलो. धूर येईना.

"धूर कोठे गया?" त्यांनी चुनीलालला विचारलं.

"आतमा शे. येई दम धरीसन."

"मन्हा धूर ठेवी लिना इनी!"

पण त्यांचे डोळे चमकले होते. जो डबा बिडीचा धूर दाबून ठेवतो तो आवाजही दाबून ठेवील. चुनीलालने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की भाई, आवाज दाबला की इंजिनाचा श्वासही थोडा दाबला जातो, चढावर राघू मंद होईल. यावर सुपडूभाईंचा त्या सायलेन्सरवर प्रथमच किंचित विश्वास बसला. विकणारा स्वतःच मालाचा दोष सांगतो, म्हणजे त्याला तो विकायचा नसणार, म्हणजे तो चांगला असणार.

बसवून झाल्यावर राघू सुरू केला. मी तो चालू होण्याची वाट पाहत होतो, तेव्हा चुनीलाल म्हणाला, "चालू शे." खरंच, नुसती कुजबुज. एखाद्या चोरट्या मांजराने घसा साफ करावा तशी.

गॅरेजसमोर एक कुत्रं झोपलं होतं. सुपडूभाईंनी राघू त्याच्या नाकापासून हातभर अंतरावरून नेला. कुत्र्याने कान हलवला नाही. आम्ही खूश. सुपडूभाई मात्र खाली उतरून कुत्र्याजवळ गेले.

"हाई कुत्रं कोन्ह शे?"

"मन्हंच," चुनीलाल म्हणाला.

"मंग ते तुन्हाकडूनच बोली," असं म्हणून सुपडूभाईंनी राघू कुंभारवाड्याकडे वळवला. तिथे एका अनोळखी, कोणाशी लागेबांधे नसलेल्या गाढवाच्या पाठीमागून आम्ही दोनदा गेलो. गाढवाने चरणं थांबवलं नाही. त्या गाढवाच्या साक्षीवर सायलेन्सर मंजूर झाला.

घरी पोचलो तर दारात कोणी नाही, चूल थंड. आम्ही ओसरीवर बसून अर्धा तास झाल्यावर जसोदाबाई मागच्या अंगणातून आल्या आणि दचकल्या.

"तुम्ही कवय ऊनात? राघूले काय व्हयनं?"

"काही नही. आते तो वरडत नही."

"मंग मी तवा कवय ठेवू?"

सुपडूभाईंचे डोळे बारीक झाले. "तुले मन्ही वर्दी काबर पाहिजे?"

जसोदाबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा नवऱ्यावरचा उपाय एकच होता, सरळ बोलणं. "तुम्हले गरम भाकर पाहिजे का बायको पकडनी शे? एक काय ते ठरावा. दोन्ही नही जमाव."

त्या दिवशी आम्ही सकाळची भाकर खाल्ली. कडक होती. सुपडूभाई चावत राहिले. मोठ्या कामासाठी निघालेल्या माणसाला एवढं सोसावं लागतं.

दोन दिवसांनी सकाळीच त्यांनी मला घरातून उचललं. मळ्यात पाणी भरण्याचा दिवस होता, विहिरीवर इंजिन सुरू होतं, त्याचं 'पुक पुक पुक' लांबूनच कानावर येत होतं. त्या आवाजात राघूची कुजबुज आम्हालाच ऐकू येईना. नाल्याची मोरी ओलांडली. एरवी इथे राघू अशी आरोळी ठोकायचा की बगळे उडायचे. आज बगळे बसून होते. एकाने आमच्याकडे पाहिलंही.

सुपडूभाई स्टिअरिंगवर वाकून बसले होते. मान खांद्यात, टोपी डोळ्यांवर. मी मनात म्हणत होतो, देवा, जामसिंग नेहमीसारखा वाटेवर उभा असू दे. वाट केळीत शिरली. दोन्ही बाजूंनी पानं, पुढे वळण. वळण घेतलं.

वाटेवर कोणी नव्हतं.

"दखं?" सुपडूभाई दबक्या आवाजात म्हणाले. त्या आवाजात विजय होता, पण मी शेजारी बसलो होतो म्हणून सांगतो, तो काही आनंदाचा आवाज नव्हता. "दखं मास्तर? आज उभा नही शे. आवाज नही, तर जामसिंग बी नही. बठ्ठं खरं निंघनं."

आणि चोर पळायच्या आत गाठावा म्हणून त्यांनी राघूचा वेग वाढवला.

वाटेवर काहीतरी चमकलं. ते पाणी आहे हे मला कळलं, आणि पाण्यावर फळ्या नाहीत हेही कळलं, पण सांगायला तोंड उघडेपर्यंत राघू पाटात गेला होता. आधी नाक गेलं. मग मागची बाजू वर आली, माझी टोपी पुढे उडाली, आणि आम्ही दोघे पाटाकडे तोंड करून, नमस्कार घालत असल्यासारखे बसून राहिलो. गाडी मग हळूच मागे टेकली. नव्या सायलेन्सरने पाण्यात "बुडुक" केलं, पुन्हा "बुडुक" केलं आणि सुरतेचा काचेचा कापूस पाटाचं पाणी प्यायला लागला.

केळीतून धावत जामसिंग आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, धोतर ओलं, छाती भात्यासारखी. डोक्यावर दोन फळ्या.

"पाटील!" तो ओरडला. चौदा वर्षांत त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "आवाज काबर नही दिना?"

"आवाज दिसू मी?" सुपडूभाईंच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. "चोर धराले ऊनू तर आवाज दिसू?"

जामसिंगने फळ्या खाली टाकल्या. "चोर? आपला वावरमा?" त्याने चारी बाजूंना पाहिलं, कडेची काठी उचलली आणि झोपडीकडे तोंड करून हाक मारली, "नानी! चोर घुसना वं! तू इकडथून ये!" आणि आमच्याकडे वळून, "पाटील, तुम्ही बठा. मी दखस त्याले," असं म्हणून तो केळीत घुसला. पानं मोडल्याचे आवाज लांब लांब जात राहिले.

चोर स्वतःला शोधायला गेला होता. सुपडूभाई तसेच बसले होते, गाडी एका बाजूला कललेली, ते दुसऱ्या बाजूला.

नानीबाई विळा घेऊन आली. चोर दिसला नाही, पाटील दिसले. तिने राघूकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, पडलेल्या फळ्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. तिने विळा कमरेला खोचला.

"गाडीले काय व्हयनं, वरडनी नही ती?"

मी म्हणालो, "आवाज बंद केला तिचा."

"मंग फळ्या कोन टाकी?" ती म्हणाली. "ह्याच दोन फळ्या शेत. पानी भरतस तवय पाटमा आडव्या लावतस, तवय पानी वाफामा वळस. राघू वरडना का हाऊ मानूस हातमा जे शे ते सोडस, फळ्या उपटस, डोकावर लेस, पळत येस आनी आठे टाकस. तुम्ही चालनात का परत उपटस. तवलगून पानी फिरस भलतीकडे. बारा वरीसथून तो एक भाकर बठीसन खाई नही ऱ्हायना."

इंजिन 'पुक पुक' करत होतं. सुपडूभाईंच्या चेहऱ्यावर मी बेरीज उलटी होताना पाहिली. उभा असतो. धापा टाकतो. चिखलाने भरलेला असतो. पाणी भलतीकडे. आकडे तेच, उत्तर दुसरं.

"मंग आजून दोन फळ्या मांगी लेवाना व्हत्यात," ते पुटपुटले.

"मांग्यात ना! राघू नवा ऊना तवयच मांग्यात. तुम्ही काय बोलनात?" नानीबाईने सुपडूभाईंसारखे डोळे बारीक केले. नक्कल इतकी बेमालूम होती की मला पाटाकडे तोंड वळवावं लागलं. "'जास्तीन्या फळ्या कसाले? झोपडीले दार करशी!' असं बोलनात. मंग त्यानी परत इषय काढा नही."

सुपडूभाई गाडीतून उतरले. थेट पाटातच उतरले. फळ्यांपाशी जाऊन त्यांनी एक उचलून उभी केली. खात्री केल्याशिवाय ते आपली चूकही मान्य करणारे नव्हते. फळीच्या मधोमध रबराचा काळा पट्टा उमटला होता, घासून घासून खोलगट झालेला. त्यांनी ती राघूच्या चाकाला लावून पाहिली. रुंदी तंतोतंत. मग दुसरी लावून पाहिली, कारण एक फळी खोटं बोलू शकते.

"हं," ते म्हणाले.

हे 'हं' मी ओळखत होतो, पण या खेपेला खोटं ठरण्याच्या यादीत एकच नाव होतं.

बऱ्याच वेळाने जामसिंग परत आला. अंगावर केळीच्या पानांचे ओरखडे, काठी मोडलेली. मान खाली घालून म्हणाला, "चोर नही गवसना, पाटील. नदीलगून दखी ऊनू."

सुपडूभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "पळी गया व्हई. आते नही येवाव तो."

चार बैलांनी राघूला बाहेर काढलं. आठ दिवसांनी चुनीलाल हत्यारांची पेटी घेऊन मळ्यात आला. सुपडूभाईंनी त्याला काम सांगितलं, तेव्हा तो पेटीवर बसलाच. एवढा परीक्षा करून घेतलेला मुका सायलेन्सर आता बोलका करायचा होता. जुना चालला नसता का? जुना कधीच भंगारात गेला होता. आणि तो भंगारात नक्की गेला का, हे सुपडूभाईंनी त्याला तिथेच दोनदा विचारून घेतलं.

मग जी परीक्षा झाली ती गाढवाच्या परीक्षेहून मोठी होती. विहिरीवर इंजिन सुरू करून त्याच्या शेजारी जामसिंगला उभं केलं. ऐकू आलं की हात वर करायचा. राघू मोरीवरून निघाला. जामसिंगचा हात खाली. चुनीलालने मूठभर काचेचा कापूस उपसला. पुन्हा फेरी. हात खाली. एक पडदा काढला. हात अर्धवट वर आला आणि खाली गेला. दुसरा पडदा काढला. चौथ्या फेरीला राघू मोरीवर आला, बगळे उडाले, आणि विहिरीवरून हात ताडकन वर गेला.

"बस," सुपडूभाई म्हणाले.

चुनीलालला राहवेना. "भाई, मन्हा कुत्रावर तुम्हना इसवास नव्हता. आनी ह्याना कानवर शे?"

"त्याना कानवर मन्ही गाडी चालस," सुपडूभाई म्हणाले. आणि वाक्य फार मोकळं झालं असं वाटून लगेच माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "मास्तर, हात त्यानी जराक लवकर वर नही ना कया?"

होळीच्या आधी ते तळोद्याला गेले आणि दोन सागवानी फळ्या घेऊन आले. फळ्या माझ्या जागेवर बसून आल्या, मला सर्व्हिस मोटारीने यावं लागलं. जामसिंगला देताना त्यांनी नुसतं "पाटकरता" एवढंच सांगितलं.

काठीची होळी करून जामसिंग परतला, त्यानंतर आम्ही मळ्यात गेलो. राघू मोरीवर ओरडला. वळण घेतलं. जामसिंग नेहमीच्या जागी उभा, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखलात. पाटावर त्याच दोन जुन्या फळ्या, मधोमध काळा पट्टा. सुपडूभाईंनी राघू थांबवला आणि झोपडीकडे पाहिलं. वालाच्या वेलाखाली, जिथे इतकी वर्षं गोणपाट लोंबत होतं, तिथे नवं कोरं सागवानी दार होतं.

जामसिंगने मान खाली घातली.

सुपडूभाईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. इतकं निर्मळ सुख मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "बारा वरीस पहिले मी काय सांगेल व्हतं? दार करी म्हणे का नही?"

"म्हणाला होतात."

ते उतरून झोपडीपाशी गेले. दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, कडी हलवून पाहिली, आणि त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"जामसिंग, कडी ढिली शे," ते म्हणाले. "कोनी बी उघाडी. उद्या मी नंदुरबारथून पक्की कडी लई येस. आनी ध्यानमा ठेव, कोनावर इसवास ठेवू नको."